विहीण, मी आणि हिरोशिमाचा पत्ता

लग्नाआधी विहिणी-विहिणींचं वाजतं, यात नवल काही नाही. आमचंही वाजलं. फक्त त्यासाठी आम्ही जपानपर्यंत गेलो, पोटभर खाल्लं आणि मग भांडलो.

परत आल्यापासून इथं अमेरिकेत, बेलव्ह्यूमध्ये, जो भेटेल तो "कसा झाला जपान?" असं विचारतो, आणि मी सुरुवात केली की घड्याळाकडे बघतो. म्हणून लिहूनच काढते आहे. ज्याला कंटाळा येईल त्यानं खुशाल पान उलटावं, मला कळणारसुद्धा नाही.

मी मूळची वेंगुर्ल्याची. पेशानं भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. माझी मुलगी जुई म्हणते, आई फक्त बेशुद्ध माणसांसमोर गप्प बसते. या जुईचं लग्न केनशी ठरलं. केनचे पणजोबा जपानहून आलेले. आज जिथं जुईचं काचेचं ऑफिस उभं आहे, त्याच बाजूला त्यांनी खंडानं जमीन घेऊन स्ट्रॉबेरी पिकवली होती. केनची आई कॅरल म्हणजे माझी होणारी विहीण. वय सत्तर, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागतं.

विहिणीचा मान ठेवायचा म्हणून मी कुणाला न सांगता सहा महिने जपानी भाषेचा क्लास केला. पहिल्या भेटीत कमरेत वाकून नमस्कार केला आणि पाठ केलेलं सगळं जपानी भाषण एका दमात म्हटलं. कॅरलनं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, "किती गोड वाटलं ऐकायला. मला मात्र त्यातलं काही कळलं नाही. मला जपानी येत नाही." जुईनं नॅपकिनमध्ये तोंड लपवलं. (कॅरलचं आणि माझं बोलणं अर्थातच इंग्रजीत होतं. इथं ते मराठीतच सांगते.)

त्यानंतर नऊ महिने आमच्यात फक्त डबे फिरत राहिले. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, आणि कळलं की त्यांच्याकडेही नाही करत. मी चकल्या दिल्या की ती तांदळाची बिस्किटं भरून पाठवायची. ती आली की दारातच दोन मिनिटं, "नो नो, आय वोन्ट कम इन." शेवटी मुलांनीच कंटाळून आम्हा दोघींना जपानच्या खाद्ययात्रेची तिकिटं भेट दिली. आठ जणांचा गट, बरोबर नाओको-सान नावाची गाईड, आणि पाच गावांतलं खाणंपिणं.

विमानतळावर केननं मला बाजूला घेतलं. तो मला काकू म्हणतो, जुईनं शिकवलंय. "काकू, मॉमच्या पर्समध्ये एक कार्ड आहे. हिरोशिमाला तिच्या आईची कझिन असते. दर न्यू इयरला कार्ड पाठवते. मॉमला वाचता येत नाही, सो शी नेव्हर रिप्लाइड. तिला तिथं जायचंय, पण ती जाणार नाही. प्लीज, यू नो, जरा बघा." आणि त्यानं त्या कार्डाचा फोटो मला पाठवला. आता असं कुणी मला "जरा बघा" म्हटलं की मी जरा बघत नाही, पुरतंच बघते.

टोकियो

पहिल्याच सकाळी नाओको-साननं आम्हाला मासळीबाजाराबाहेरच्या टपऱ्यांवर नेलं. कोळशावर भाजलेला, फक्त मीठ लावलेला बांगडा समोर आला आणि मी डोळे मिटून घेतले. तिरफळं नव्हती एवढंच. कच्चा मासा मात्र आमच्या वेंगुर्ल्यात फक्त मांजर खातं, त्यामुळे पहिला तुकडा तोंडात टाकताना मी मनातल्या मनात आईची माफी मागितली. दुसऱ्या तुकड्याला माफीची आठवण राहिली नाही.

या देशात चालता चालता खात नाहीत. रस्त्यावर कचऱ्याचा डबाही दिसत नाही. मी भाजलेल्या माशाची एक काडी दिवसभर पर्समध्ये घेऊन हिंडले. संध्याकाळी पासपोर्टला समुद्राचा वास येत होता.

दुपारी शेवयांच्या दुकानात गेलो. तिथं भुरका मारून खाणं ही रीत आहे. अहो, कढीचा भुरका मारत वाढलेली मी! चाळीस वर्षं अमेरिकन टेबलांवर आवाज न करता सूप पिऊन माझा जो कोंडमारा झाला होता, तो त्या एका वाडग्यात मोकळा झाला. शेजारचे आजोबा माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवत होते. कॅरल मात्र काट्यानं स्पॅगेटी खावी तशी एकेक शेवई उचलत होती. "मला नाही जमत. आईनं लहानपणी इतकं रागावून बंद केलंय," ती म्हणाली.

तिचं अवघडलेपण फक्त शेवयांपुरतं नव्हतं, हे संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं. दुकानात शिरलं की सगळे तिच्याशी जपानीत बोलायला लागत. ती लाल व्हायची, हात हलवायची, अंग चोरायची. मग मी माझं सहा महिन्यांचं जपानी घेऊन पुढे सरसावायची. दुकानदार आधी माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघायचा, मग कॅरलकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका गोंधळ उमटायचा की मला हसू आवरायचं नाही. तिसऱ्या दुकानातून बाहेर पडल्यावर कॅरल म्हणाली, "शैला, तुला गंमत वाटते. पण माझा चेहरा बघून लोकांची एक अपेक्षा होते आणि ती मला पुरी करता येत नाही. रोज दहा वेळा."

मी हसणं थांबवलं. पण मनात म्हटलं, हिला हिरोशिमाला न्यायचंच.

क्योतो

क्योतोत देवळं आहेत, बागा आहेत, आणि त्यांची वर्णनं वाचायला ढिगानं पुस्तकं आहेत. मी आपली लोणच्यांबद्दल सांगते.

निशिकी बाजार म्हणजे एक लांबच लांब, छप्पर घातलेली गल्ली. त्यात एक बाई भाताच्या कोंड्यात मुरवलेल्या भाज्या विकत होत्या. लाकडी पिंपात ओलसर कोंडा, त्यात मुळा, काकडी, वांगी पुरून ठेवलेली. कोंडा रोज हातानं खालीवर करावा लागतो, नाहीतर बिघडतो. हा कोंडा सासूबाईंच्या वेळेपासूनचा आहे, त्यातच नवा मिसळत जायचा, असं बाई सांगत होत्या. मी म्हटलं, हे तर आमचं विरजण! आजच्या दह्यात कालचं, कालच्यात परवाचं. नाओको-साननं ते त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा बाईंनी मला एक आख्खी काकडी भेट दिली. वास मात्र असा की आपल्या आंबट ताकाचं भांडं चार दिवस विसरून ठेवावं.

कॅरल त्या पिंपाजवळ थबकली होती. तिनं वाकून वास घेतला, परत घेतला.

"आजीच्या तळघरात हा वास यायचा," ती म्हणाली. "मी नाक धरून खाली पळायची. मैत्रिणींना घरी आणायला लाज वाटायची."

मग बाकीचे पुढे गेले तरी आम्ही तिथंच एका बाकावर बसलो, आणि तिनं आपण होऊन पर्समधलं कार्ड काढून दाखवलं. घोड्याचं लहानसं चित्र, खाली हातानं लिहिलेल्या दोन ओळी, पत्ता, फोन नंबर. पाठवणाऱ्याचं नाव मिचिको. कॅरलची आजी लग्न होऊन अमेरिकेला आली, तिची धाकटी बहीण मागे राहिली, तिची ही मुलगी. आपल्याकडे हा हिशेब सोपा. आईची मावसबहीण, म्हणजे मावशीच.

"मग जाऊ या की मावशीकडे!" मी म्हटलं. "तिथं आपला दीड दिवस मुक्काम आहे. मी येते दुभाषी म्हणून."

"नको."

"अगं, पण एवढं कार्ड पर्समध्ये घालून आणलंस..."

"शैला, नको म्हटलं ना." तिनं कार्ड आत ठेवलं आणि चेन लावली.

आता आपल्याकडे "नको" या शब्दाचं काय करायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंगतीत पानावर आडवा हात धरणाऱ्याला आपण नको म्हणणारा समजत नाही, लाजणारा समजतो, आणि बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. मी कॅरलचं "नको" त्याच हिशेबात धरलं. चूक तिथं झाली.

ओसाका

ओसाकाची माणसं मोठ्यानं बोलतात, मोठ्यानं हसतात. मला गावी आल्यासारखं वाटलं. इथं आम्हाला ताकोयाकी शिकवणार होते. ऑक्टोपसचा तुकडा घातलेले गोल गोल वडे. शिकवणाऱ्या गृहस्थांनी बिडाचा तवा समोर ठेवला आणि मी ओरडलेच, "अहो, हे तर अप्पेपात्र!"

तेच ते. ओळीनं वाट्या, त्यात तेल, वरून पीठ. बाकीच्या सात जणांची पिठाशी झटापट चालू होती, कॅरलचे वडे फाटून त्यातून ऑक्टोपस बाहेर डोकावत होते, आणि मी दोन्ही हातांत टोकदार सळ्या घेऊन टकाटक उलटत सुटले. आयुष्यभर अप्पे केलेत, कुठल्या क्षणी कड सुटते हे हाताला कळतं. गृहस्थ आ वासून बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरचा पट्टा काढून माझ्या डोक्याला बांधला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅरलही खळखळून हसली. दहा महिन्यांत तिचं असं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "शैला, माझेही तूच उलटव. केनला सांगू नकोस."

झालं. डोक्याला पट्टा आणि डोक्यात हवा. वर्ग संपल्यावर मी नाओको-सानला गाठलं, केननं पाठवलेला फोटो दाखवला आणि म्हटलं, या नंबरवर फोन करून परवा अकराची वेळ मागून घ्या.

"कॅरल-सानना चालेल ना?" तिनं विचारलं.

"चालेल, चालेल," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी आम्ही एका अरुंद दुकानात बाकावर ओळीनं बसलो होतो. काडीला टोचून तळलेले भाज्यांचे, मांसाचे तुकडे, आणि सगळ्यांत मिळून एक चटणीचं भांडं. भिंतीवर मोठी पाटी होती, एकदा चावलेली काडी परत बुडवायची नाही. उष्ट्याची कल्पना अख्ख्या गटात मला एकटीला न सांगता कळली, आणि मी बाकीच्यांना मोठ्या उत्साहानं समजावत होते. तेवढ्यात नाओको-सान हसत हसत आली.

"कॅरल-सान, मिचिको-सानशी बोलले. त्यांना फार आनंद झाला. परवा अकरा वाजता तुमची वाट बघतायत."

कॅरलनं हातातली काडी खाली ठेवली. आधी तिला कळेना, मग कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू केलंस हे?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"माझं भलं मला कळतं," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू, पण या वेळी मला दोनदा विचारावं लागलं नाही. "मी नको म्हटलं होतं. दोन वेळा." तिनं सगळ्यांना शुभरात्री म्हटलं, कोट घेतला आणि हॉटेलवर निघून गेली. माझ्यासमोर सहा काड्या होत्या. खरं सांगते, एकीचीही चव लागली नाही.

मी जुईला फोन लावला. वाटलं, पोटची पोर, आपली बाजू घेईल.

"आई! यू डिड व्हॉट? यार, दॅट इज सो नॉट ओके. तिला सॉरी म्हण, आत्ताच्या आत्ता."

"अगं, तिचं मन आहे जायचं. केन म्हणालाय."

"केन म्हणाला असेल. शी डिडन्ट. तू माझ्याशी पण असंच करतेस, आई. ऑलवेज. कॉलेजचा फॉर्म पण तूच सबमिट केलेलास."

फॉर्म मीच भरला होता. लग्न सहा महिन्यांवर, आणि मी विहिणीला दुखावून बसले होते, तेही स्वतःच्या हातानं. मी कॅरलच्या दारावर टकटक केली, सॉरी म्हटलं. ती दार थोडंसं उघडून "ठीक आहे" म्हणाली. ठीक काही नव्हतं.

मियाजिमा

मियाजिमा हे बेट. बोटीतून जाताना समुद्रात उभी असलेली लाल कमान दिसते, मागे हिरवा डोंगर, आणि किनाऱ्यावर हरणं मोकळी फिरतात. कॅरल बोटीच्या दुसऱ्या टोकाला इतरांबरोबर बसली होती.

नाओको-साननं सांगितलं होतं, हरणांपासून कागद जपा. मी खिशातून एक कागद काढून वाचत होते. त्यावर मिचिकोबाईंना म्हणायचं भाषण जपानीत लिहिलं होतं, कॅरलनं मन बदललंच तर असू दे म्हणून. एका हरणानं मागून मान घातली आणि अर्धा कागद ओढला. मी उरलेला अर्धा धरून त्याला मराठीत सज्जड दम दिला. त्यानं तोही अर्धा घेतला, दोनदा चघळला आणि गिळला. लांबून कॅरल बघत होती. तिनं तोंड वळवलं, पण तिचे खांदे हलत होते.

मुक्काम जुन्या पद्धतीच्या उतारशाळेत. चटयांची खोली, गरम पाण्याचं कुंड, आणि आम्ही दोघी एकाच खोलीत. अंघोळीनंतर तिथं सगळ्यांनी युकाता नावाचा सुती झगा घालून जेवायला जायची रीत आहे. कॅरल आधी तयार होऊन खिडकीशी बसली होती. मी झगा गुंडाळला, आपल्या कोटासारखी उजवी बाजू वर घेतली, पट्टा आवळला, आणि दाराकडे निघाले.

"थांब," कॅरल म्हणाली.

आदल्या रात्रीनंतर ती पहिल्यांदा आपण होऊन बोलली होती. ती उठून माझ्यासमोर आली, पट्टा सोडला, उजवी बाजू आत घातली, डावी वर आणली, आणि पट्टा पुन्हा बांधू लागली. "डावी नेहमी वर. तू घातला होतास तसा फक्त मेलेल्या माणसाला घालतात."

मला जे हसू फुटलं ते थांबेचना. "कॅरल, आमच्यातही असंच! जानवं एका खांद्यावर असलं तर देवाचं काम, दुसऱ्यावर घेतलं तर पितरांचं. म्हणजे आत्ता मी स्वतःच्या श्राद्धाला जेवायला निघाले होते!"

तीही हसायला लागली. मला धरून, चटईवर बसून, डोळे पुसत हसली. विहिणीनं मनात आणलं असतं तर मला तशीच जाऊ दिलं असतं. नाही जाऊ दिलं, यातच सगळं आलं.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"आजी गेली तेव्हा आईनं तिला असा घातला. मी अकरा वर्षांची होते. विचारलं, आजीचा उलटा का?" ती पट्ट्याची गाठ सारखी करत राहिली. "शैला, मला भाषा येत नाही म्हणून मी घाबरत नाहीये. आजी माझ्याशी जपानीतच बोलायची. मी इंग्रजीत उत्तर द्यायची. एकदा शाळेबाहेर मैत्रिणींसमोर ती काहीतरी बोलली आणि मी ओरडले, डोन्ट टॉक लाइक दॅट टू मी. तिनं ऐकलं. मग शेवटपर्यंत ती माझ्याशी तिच्या तुटक इंग्रजीतच बोलली. आता तिच्या बहिणीच्या मुलीसमोर जाऊन मी कुठल्या तोंडानं बसू?"

दुसरी इयत्ता, शाळेचं फाटक, आणि "आई, स्पीक इन इंग्लिश, एव्हरीवन इज लुकिंग," म्हणणारी जुई माझ्याही डोळ्यांसमोर होती. मीही त्या दिवशी ऐकलं होतं. ते मी कॅरलला सांगितलं. जेवायला जाताना तिनं माझा हात धरला होता.

"नाओकोला सांगते उद्याचं रद्द करायला," मी म्हटलं. "या वेळी खरंच तुझ्यासाठी."

कॅरलनं चार पावलं विचार केला. "म्हातारी बाई वाट बघतेय. आता रद्द करणं वाईट. जाऊ या. पण बोलायचं तू."

हिरोशिमा

सकाळी गट शांती उद्यानात गेला. आम्हीही तासभर होतो. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तिथं माझ्यासारखीच्याही तोंडून शब्द निघाला नाही, एवढंच सांगते.

मग ट्राम, मग दहा मिनिटं चढण. मिचिकोबाई दारातच उभ्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, निळा स्वेटर. मी हरणाच्या पोटात गेलेलं भाषण आठवेल तसं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि उत्तरादाखल जे बोलायला लागल्या त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. आमच्या क्लासातल्या बाई जपानी बोलायच्या ते पुस्तकातलं. हे वेगळंच होतं, वेगवान आणि तोंडातल्या तोंडात. पुण्याचं मराठी सहा महिने शिकून कुणी थेट मालवणात उतरावं, तशी माझी गत झाली. नाओको-सान गटाबरोबर राहिली होती. दुभाषी म्हणून आलेली मी नुसती "हाय, हाय" म्हणत राहिले. जपानीत त्याचा अर्थ होय, पण त्या वेळी मला तो मराठीतलाच वाटत होता.

आत बुटकं टेबल, त्याच्या खाली शेगडी आणि कडेनं सोडलेली गोधडी. आम्ही तिघी गोधडीत पाय घालून बसलो. पाय गरम, बाकी सगळं गार. मी हवेबद्दल बोलले. घर छान आहे म्हणाले. मांजर छान आहे म्हणाले. माझं जपानी संपलं. कॅरल मांडीवर हात घट्ट धरून हसरा चेहरा करून बसली होती, आणि तिच्या हातांच्या शिरा मला दिसत होत्या. मला वाटलं, कशाला आणलं मी हिला इथं? याच फजितीला घाबरत होती ना ती?

मिचिकोबाई उठल्या आणि जेवण घेऊन आल्या. कालवं घालून शिजवलेला भात! आमच्याकडे कालवांचं सुकं करतात, पण भातात शिजवलेली कालवं मी पहिल्यांदाच खाल्ली, आणि इतक्या अवघड प्रसंगातही मला ती आवडली हे कबूल करते. बाजूला कोंड्यातलं लोणचं. कॅरलनं तिचा छोटा वाडगा दाणान्‌दाणा संपवला. मिचिकोबाईंनी लगेच हात पुढे केला, वाडग्यासाठी. कॅरलनं वाडग्यावर तळहात धरला. नको. त्यांनी परत हात पुढे केला. कॅरलनं परत मान हलवली, सभ्यपणे, अमेरिकन हसून.

मी बोलले नाही. "नको" या शब्दापुढे मी आता कानाला खडा लावला होता.

म्हातारीनं हात मागे घेतला. तिचा चेहरा पडला. मग तिनं लहान मुलीसारखे गाल फुगवले, ओठ पुढे काढले आणि भिंतीकडे तोंड केलं. थोडी थट्टा, थोडं खरंच.

"हाबुतेनासान्ना," कॅरल म्हणाली.

मी चमकून पाहिलं. कॅरल स्वतःही चमकली होती, दुसरंच कुणी तिच्या आतून बोलल्यासारखी. मिचिकोबाई हळूच वळल्या. हातातली पळी टेबलावर ठेवली.

"काय म्हणालीस तू?" मी विचारलं.

"मला... मला माहीत नाही. मी गाल फुगवून बसले की आजी म्हणायची."

मिचिकोबाईंनी स्वतःच्या फुगवलेल्या गालाला बोट लावून दाखवलं, ते बोट नाही नाही असं हलवलं, आणि तोच शब्द म्हटला. रुसू नकोस, बाई. सत्तर वर्षांची भाची शहाऐंशी वर्षांच्या मावशीला सांगत होती, रुसू नकोस! म्हातारी हसायला लागली, इतकी की तिला खोकला आला. मग ती भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवून "हाहा, हाहा" म्हणाली. एवढं जपानी मला येत होतं. माझी आई. माझी आई असंच बोलायची.

मग ते सुरू झालं. मिचिकोबाई एक वाक्य म्हणायच्या, कॅरल भुवया आकसून ऐकायची, आणि आतून कुठून तरी तिचा शब्द यायचा. हात धू. नीट बस. बाहेर थंडी आहे, आत ये. भूक लागली का? (अर्थ कॅरलनं मला नंतर सांगितले.) पाच वर्षांच्या मुलाला सांगावं तेवढंच, स्वयंपाकघरातलं, पण सगळं त्या घरातलं. एकेका शब्दाला म्हातारी टाळी वाजवत होती आणि कॅरलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ती ते पुसतही नव्हती. तिनं वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला.

"ओकावारी," म्हणाली. अजून वाढ.

मिचिकोबाईंनी भात वाढला, शीग लावून, वर चार कालवं. मी कोपऱ्यात बसून दोघींकडे बघत होते. मला एक शब्द कळत नव्हता, आणि आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग म्हातारीनं माझ्याकडे हनुवटीनं खूण करून काहीतरी विचारलं. मी सवयीनं बोलायला तोंड उघडलं. पण कॅरलनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"ती विचारतेय, ही बाई एवढी गप्प का बसलीये? म्हणतेय, लाजू नको म्हणावं. वाडगा पुढे कर."

मी वाडगा पुढे केला.